तिसरी बुडी

अंकुरच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता गळून पडली तरी त्याला कळत नसे. मागून कोणी हाक मारली की तो थांबायचा, काठी टेकत परत फिरायचा, आणि चप्पल नीट पायात गेली का हे डोळ्यांनी बघूनच पुढे निघायचा. फुलसावंगीच्या बसस्टॉपजवळ त्याचं फवारणीचे पंप आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. सहा वर्षांत गावाला त्याच्या काठीची सवय झाली होती. हा माणूस एके काळी अंदमानात लोकांना हाताला धरून समुद्राच्या तळाशी फिरवून आणायचा, हे आता फक्त त्याची आई विजयमाला सांगायची. तीही पाहुण्यांना, आणि सांगता सांगता समुद्राला शिव्या देत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दुकानासमोर सरकारी जीप थांबली आणि अनघा उतरली. यवतमाळची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची, वडील कचेरीतून निवृत्त झालेले. ती जिल्ह्याच्या शोध-बचाव पथकात होती. पाठीवर हवेचं सिलिंडर लावून पाण्यात उतरणारे पथकात दोघंच, ती आणि अनिमेष. आजवर त्यांचं काम बुडालेल्या माणसांना शोधायचं, आणि तेही फार तर सात-आठ मीटर पाण्यात. आता वेगळंच काम गळ्यात पडलं होतं.

गावापासून आठ किलोमीटरवरच्या नांदझरी धरणाचं कालव्याचं दार अडकलं होतं. डिसेंबरात पाण्याची पहिली पाळी देऊन दार बंद केलं, ते पुन्हा वर उचलेना. दार ज्या लोखंडी खाचेतून वर सरकतं तिच्यात बाभळीचं एक खोड आणि जुन्या जाळ्यांचा गुंता जाऊन बसला होता. खाली हरभरा घाट्यात आलेला, गहू ओंबीवर, आणि दुसऱ्या पाळीची तारीख उलटून आठ दिवस झालेले. पाण्याखालची कामं करणाऱ्या मुंबईच्या कंपनीने फेब्रुवारीतली तारीख दिली, म्हणून पाटबंधारे खात्याने पथकाला विचारलं होतं. अनघाच्या प्रशिक्षकाने तिला अंकुरचं नाव सांगितलं होतं.

उतरायचं आम्हीच, ती म्हणाली, पण किती वेळ खाली थांबायचं, कसं वर यायचं, हे काठावर बसून सांगणारं कोणी हवं आहे. अंकुरने मान हलवली. आपण ते सगळं सोडलं, धरणाकडे सहा वर्षांत फिरकलोही नाही, असं त्याने सांगितलं. अनघाने आग्रह केला नाही. स्वतः तयार केलेल्या आखणीचा कागद तिने काउंटरवर ठेवला, निदान नजर टाका म्हणाली, आणि गेली.

कागद तसाच पडून होता. पंपाचं वॉशर बदलता बदलता अंकुरची नजर त्यावर गेली. खोली चोवीस मीटर. दिवसाला तीन बुड्या, प्रत्येकी पस्तीस मिनिटं, मध्ये तासाभराची विश्रांती. त्याच्या हातातला पाना थांबला. हा कागद जसाच्या तसा पाळला तर संध्याकाळपर्यंत दोघांपैकी एक जण आडवा होणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. जीप महागावला पोचायच्या आत त्याने अनघाला फोन लावला आणि परत फिरायला सांगितलं.

पुढचे तीन दिवस दुकानाचं शटर अर्धंच उघडं राहिलं. आत अंकुर, अनघा आणि अनिमेष जुन्या वहीवर आकडे मांडत बसलेले. अनिमेष उंच, हसरा, जरा उतावळा. पुसदच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघून पथकात आलेला. त्याला हे सगळं फार ताणल्यासारखं वाटत होतं. अंकुरने त्याला शांतपणे सांगितलं की खाली पाण्याचा दाब असतो, त्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरत जातो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त. हळूहळू वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आलं तर जिथे आहे तिथेच त्याचे बुडबुडे होतात, सांध्यात, मणक्यात, कुठेही.

किती खोल किती वेळ राहायचं याचे समुद्रासाठी केलेले तक्ते इथे तसेच चालणार नव्हते. नांदझरी समुद्रसपाटीपासून चारशे मीटर उंच, वर हवेचा दाब कमी. म्हणून अंकुरने चोवीस मीटर खोली सत्तावीस धरली. पाणी थंड आणि खाली करवत चालवायची मेहनत, म्हणून वेळ आणखी कापला. पहिली बुडी वीस मिनिटांची. मग साडेतीन तास काठावर, अंग गरम ठेवून, भरपूर पाणी पीत. दुसरी बुडी पंधरा मिनिटांची. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नाही, आणि पाच मीटरवर दोराला धरून पाच मिनिटं थांबायचं. तिथेच दोराला एक जास्तीचं सिलिंडर टांगलेलं असेल, कोणाची हवा संपत आली तर. दिवसाला दोनच बुड्या. हे शेवटचं वाक्य अंकुरने वहीत दोनदा लिहिलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

पाटबंधारे खात्याचे अभियंता वामन बोबडे यांच्याकडे त्याने मागण्यांची यादी दिली. ऑक्सिजनची दोन सिलिंडरं मास्कसकट, काम चालेल तितका वेळ धरणावर उभी राहणारी ॲम्ब्युलन्स, पाणबुड्यांवर उपचार करणाऱ्या मुंबईच्या एका डॉक्टरांचा फोन नंबर, आणि नागपुरात दाबाची खोली, म्हणजे माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवून अंगातले बुडबुडे विरवायची बंद खोली, असलेल्या दवाखान्यात आधीच सांगून ठेवणं. बोबडे साहेब भले गृहस्थ होते, पण यादी वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एका ओंडक्यासाठी एवढं सगळं? त्यांनी विचारलं. अंकुर म्हणाला, ओंडक्यासाठी नाही, दोन माणसांसाठी. साहेबांनी सही केली.

सोमवारी सकाळी धरणाच्या भिंतीवर माणसांची गर्दी झाली. कालव्याखालच्या पाच गावांतले शेतकरी आले होते. त्यात अंकुरचे वडीलही होते. त्यांना घरीदारी सगळेच बापूजी म्हणत. त्यांचाही चार एकर हरभरा त्याच कालव्यावर होता. पण ते मुलाजवळ आले नाहीत. दूर कठड्याला टेकून उभे राहिले.

अंकुरने पहिलं काम केलं ते दाराच्या यंत्राचं हँडल काढून घ्यायचं. धरणाचा चौकीदार धावजी नाईलाजाने ते त्याच्या हातात देताना म्हणाला की वीस वर्षांत हे कोणी मागितलं नव्हतं. माणसं खाली असताना कोणी चुकून दार हलवलं तर पाणी त्यांना ओढून घेईल, अंकुरने समजावलं, आणि हँडल स्वतःच्या खुर्चीखाली ठेवलं. दोर धरायला मात्र त्याने धावजीलाच बसवलं. एक झटका म्हणजे ठीक, तीन झटके म्हणजे अडचण.

पहिली बुडी जशी आखली तशी झाली. विसाव्या मिनिटाला दोघांनी तळ सोडला, पाच मीटरवर थांबले, आणि वर येऊन सांगितलं की खोड अर्ध्याहून जास्त कापून झालं. भिंतीवर लोकांच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. कोणीतरी घरून आणलेल्या भाकरी आणि वांग्याची भाजी पुढे केली. साडेतीन तास अंकुरने दोघांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसवून ठेवलं. लोक मधून मधून येऊन विचारत, आता किती वेळ? तो घड्याळ दाखवत असे.

सव्वा वाजता दोघं पुन्हा उतरले. अंकुर खुर्चीत, मांडीवर वही, हातात घड्याळ. पंधरा मिनिटं झाली. वर येण्याची खूण नाही. अठरा झाली. धावजीच्या हातातला दोर तीनदा ओढला गेला. अंकुर उभा राहिला, काठी हातात घ्यायची विसरला आणि कठड्याला धरून राहिला. करण्यासारखं त्याच्या हातात काही नव्हतं. एकविसाव्या मिनिटाला दोराला पुन्हा एक झटका बसला. सुटका झाली होती. चोविसाव्या मिनिटाला त्यांनी तळ सोडला. अंकुरने मनात हिशोब केला, आता बत्तिसाव्या मिनिटाला डोकी दिसली पाहिजेत, उशीर झाल्यामुळे खरं तर त्याहूनही नंतर.

सव्विसाव्या मिनिटालाच अनघा पाण्यावर आली.

काय झालं ते थोड्या वेळाने कळलं. कापलेल्या खोडाबरोबर जाळं सुटलं आणि तिच्या सिलिंडरच्या तोंडाशी गुंतलं. अनिमेषने चाकूने एकेक धागा कापला. त्या धडपडीत तिची हवा भराभर संपली. बारा मीटरवर श्वास ओढायला जड जाऊ लागला, आणि दोराला टांगलेलं सिलिंडर डोळ्यांसमोर असून तिला दिसलं नाही. ती सरळ वर आली. तिच्या जागी कोणीही आलं असतं, अंकुर मनाशी म्हणाला. अनिमेषने मात्र खालीच राहून, ते टांगलेलं सिलिंडर घेऊन, आठ मिनिटं थांबून मगच पाण्याबाहेर डोकं काढलं.

अंकुरने अनघाला बसवलं आणि ऑक्सिजन लावायला सांगितलं. ती हसली. मला काहीच होत नाहीये भाऊ, ती म्हणाली, उगीच लोक घाबरतील. आणि मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशी बातमी सांगितली. खोड निघालं होतं. फक्त एक फांदी खाचेत उरली होती, मनगटाएवढी. दहा मिनिटांचं काम.

भिंतीवर एकच गलबला झाला. बोबडे साहेब पुढे आले. त्यांच्या फोनवर सकाळपासून वरून विचारणा होत होती. तासाभराने एक छोटीशी बुडी घेता येईल का, त्यांनी अनघाला विचारलं, अंकुरला नाही. अनघा हो म्हणाली. मुली, तुझ्यावर जबरदस्ती नाही, साहेब म्हणाले. ती पुन्हा हो म्हणाली. अनिमेषने अंकुरकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

नाही, अंकुर म्हणाला. आज पाणी बंद. उद्या अनिमेष ठीक असला आणि दुसरा माणूस मिळाला तरच पुढचं बोलू.

भावसिंग नावाचा एक शेतकरी गर्दीतून पुढे आला. त्याचं शेत कालव्याच्या अगदी शेपटाला, पाणी सगळ्यांत शेवटी पोचायचं. सकाळपासून तो एका जागी बसला नव्हता.

“पोरगी तयार हाय, साहेब तयार हायेत,” तो म्हणाला. “तुलेच काहून भेव वाटून राह्यलं? तुले तं पान्यात उतराचं बी नाई.”

कोणी त्याला गप्प केलं नाही. अंकुरने वडिलांकडे पाहिलं. बापूजी खाली पाण्याकडे बघत होते.

तेवढ्यात चहा आला. अनघाने ग्लास डाव्या हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि मग हलकेच उजव्या हातात दिला. डावा कोपर तिने पोटाशी धरला. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. अंकुरच्या आलं. तो तिच्यासमोर पायरीवर बसला, काठी बाजूला ठेवली, आणि कोपर कधीपासून दुखतोय असं विचारलं. ती म्हणाली, सूट घट्ट आहे, दुसरं काही नाही.

 अंकुरला स्वतःचा आवाज आठवला, अंदमानातल्या त्या संध्याकाळचा. बॅग जड होती म्हणून खांदा दुखतोय, असं तो कोणाला तरी सांगत होता. सहा वर्षांत ही गोष्ट त्याने तोंडातून काढली नव्हती. घरी त्याने वेगळंच सांगितलं होतं. अंदमानातल्या कंपनीने सुट्टी दिली नाही, शेवटच्या दिवशीही जबरदस्तीने पाण्यात उतरवलं, आणि बहिणीच्या लग्नासाठी विमान तर गाठायचंच होतं. सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. त्याची धाकटी बहीण निशिगंधा हिने तेव्हा फोनवर हट्ट केला होता, दादा, हळदीपर्यंत पोचला नाहीस तर मी पाटावर बसणार नाही. तेव्हापासून ती कोणाकडे कसलाच हट्ट करत नसे. पांढरकवड्याहून राखीला आली की आधी तिची नजर त्याच्या पायाकडे जायची, मग चेहऱ्याकडे.

“अनघा, माझं ऐक,” तो म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही, पण भिंतीवरची कुजबुज थांबली. “मले कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्या दिवशी मी कोरडंच राहायचं ठरवलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं म्हणून. बुडी मारल्यावर विमानात बसाले पुरा दिवस जाऊ द्या लागते, नाई तं वर कमी दाबात बुडबुडे होतात, हे मीच पोरांना शिकवत होतो. पण एक मोठा डायव्हर आला होता. मले त्याले दाखवायचं होतं की हा फुलसावंगीचा पोरगा काय चीज आहे. दोन बुड्या मारल्या, दोन्ही तीस मीटरच्या खाली. वर आलो तं खांदा दुखत होता. बॅग जड आहे म्हणून सांगितलं. गोळी खाल्ली. सकाळी विमानात बसलो.”

त्याने डाव्या पायावरची पँट घोट्याच्या वर ओढली. पोटरी वाळलेली होती.

“हळदीत पाय बधिर झाले तेव्हा बी मी बोललो नाही. डॉक्टर म्हणे थकवा आहे, मी म्हणलो हो, थकवाच आहे. तिसऱ्या दिवशी उठता येईना, तवा मुंबईले नेलं. पहिल्याच संध्याकाळी खरं बोललो असतो तं आज मी तुझ्यासंगं खाली राह्यलो असतो. आता सांग. कोपर कधीपासून दुखते?”

अनघाने ग्लास खाली ठेवला. वर आल्यावर अर्ध्या तासाने सुरू झालं, ती म्हणाली, आणि आता बोटांत मुंग्याही येतायत. तिचे डोळे भरून आले होते. लोक इतके आशेने बघत होते हो, तिने म्हटलं.

त्यानंतर वेळ लागला नाही. तिला आडवं झोपवलं, मास्क लावला, पाणी पाजलं. अंकुरने मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, वहीतली मिनिटं जशीच्या तशी वाचून दाखवली. ऑक्सिजन थांबवू नका आणि थेट नागपूरला न्या, ते म्हणाले. अनिमेषने विचारलं होतं की तिला पुन्हा पाच मीटरवर नेऊन राहिलेली मिनिटं पूर्ण केली तर? डॉक्टर बोलायच्या आधीच अंकुरने त्याला नाही म्हणून सांगितलं. एकदा त्रास सुरू झाला की पाण्यात परत जायचं नसतं. ॲम्ब्युलन्स भिंतीखालीच उभी होती. सात मिनिटांत ती हायवेच्या दिशेने निघाली. अनिमेष सोबत गेला. त्यालाही चोवीस तास कोणाच्या तरी नजरेखाली राहायचं होतं.

बोबडे साहेबांनी फोन खिशात ठेवला आणि यादी मी वाचली होती, पण समजली नव्हती, एवढंच ते म्हणाले. माणसं हळूहळू पांगली. भावसिंगचा चेहरा जातानाही निवळलेला नव्हता. त्याचा गहू तसाच उभा होता.

बापूजींनी मोटरसायकल काढली, अंकुरला मागे बसवलं.  अंगणात गाडी लावल्यावर ते किल्ली हातात फिरवत राहिले.

“सहा वर्षं मी त्या कंपनीले शिव्या देत होतो,” ते म्हणाले. “अन् आपली निशिगंधा मनातल्या मनात स्वताले खात राह्यली. तिले तू सांग. मी नाई सांगणार.”

नागपूरहून अनिमेषचा फोन दिवेलागणीला आला. अनघाला दाबाच्या खोलीत घेतलं होतं. खोलीतला दाब वाढवला तसा कोपर मोकळा झाला, असं तिने काचेतून खुणेने सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर आणलेला पेशंट क्वचित मिळतो, पूर्ण बरी होईल. अंकुरने फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, कारण थांबलो तर पुन्हा हिंमत होणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

निशिगंधाने सगळं ऐकून घेतलं.  तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी दार वाजवलं, तरी ती ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, म्हणजे मी बोलावलं म्हणून नाही? नाही, तो म्हणाला. मी न बोलावता बी तू त्या दिवशी पाण्यात गेला असता? हो. मग फोन बंद झाला. अंकुरने पुन्हा लावला, तिने उचलला नाही. विजयमालाने जेवायला वाढलं तेव्हा तिला त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती हातातली पोळी त्याच्या ताटात ठेवत एवढंच म्हणाली की समुद्राला उगीच बोल लावला.

मंगळवार रिकामा गेला. बुधवारी नागपूरच्या पथकातला एक अनुभवी माणूस आला, आणि अनिमेषला डॉक्टरांनी उतरायची परवानगी दिली होती. या वेळी अनिमेषनेच वही मागून घेतली. आखणीत त्याने दोन गोष्टी वाढवल्या: दोघांच्याही हातात जाळं कापायची कात्री, आणि पाच मीटरवरच्या सिलिंडरला पांढरं फडकं, गढूळ पाण्यातही दिसेल असं. बुडीचा वेळ त्याने स्वतःहून बारा मिनिटांवर आणला.

दोघं उतरून चार मिनिटं झाली असतील, तेव्हा धरणाच्या रस्त्यावर ऑटो थांबला. निशिगंधा उतरली, कडेवर तीन वर्षांची मुलगी. पहाटेच्या एसटीने निघाली होती. ती तरातरा अंकुरपर्यंत आली आणि तोंड उघडणार तोच त्याने वर न बघता हात केला. थांब, माणसं खाली आहेत.

ती थांबली. शेजारच्या दगडावर बसली. मुलीला मांडीवर घेतलं. तिने भावाला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं; अंदमानातले फोटो पाहिले होते, ते वेगळं. इथे तो खुर्चीत बसून घड्याळ, दोर आणि पाण्यावरचे बुडबुडे यांच्यावर नजर फिरवत होता. धावजीच्या हाताला झटका बसला की वहीत लिहीत होता. बोबडे साहेब दबक्या आवाजात काही विचारायला आले, त्यांनाही त्याने हातानेच थांबवलं. बाराव्या मिनिटाला दोर हलला. पंधराव्याला बुडबुडे एका जागी स्थिर झाले. पाच मिनिटं तिथेच. मुलीने आईला विचारलं, पाण्यात कोण आहे? निशिगंधाने तिला गप्प राहायची खूण केली.

दोन डोकी वर आली. अनिमेषने हातातली फांदी उंच धरून दाखवली. अंकुरने त्यांना काठावर घेतलं, दोघांना वेगवेगळं बाजूला नेऊन सांधे, बोटं, पाय विचारले, आणि समाधान झाल्यावरच खुर्चीखालचं हँडल काढून धावजीला दिलं.

धावजी आणि आणखी दोघं फिरवायला लागले. पहिल्यांदा नुसती साखळी करकरली. मग भिंतीच्या पलीकडून, खालून, पाण्याचा जाड आवाज यायला लागला आणि लोक कालव्याच्या बाजूला धावले. बापूजीही गेले, धोतर सावरत, चक्क पळत. भावसिंग फक्त कालव्याचं पाणी किती वेगाने जातंय हे बघून सायकलवर बसला. शेपटापर्यंत पोचायला पाण्याला दीड दिवस लागणार होता. पाटाचं तोंड आधीच साफ करून ठेवायला हवं होतं.

भिंतीवर बहीण-भाऊ उरले.

“मी रागावली हावो तुझ्यावर,” निशिगंधा म्हणाली. “सहा वर्षं मले झोप नाई आली राखीच्या आदल्या रात्री. तुले माहीत होतं. तरी बोलला नाई.”

“हो,” अंकुर म्हणाला.

 त्याने काही सारवासारव केली नाही. मुलगी मांडीवरून उतरून त्याच्या वहीवरचे आकडे बोटाने गिरवायला लागली होती. निशिगंधाने तिला मागे ओढलं नाही.

राग जायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, ती म्हणाली, पण रविवारपर्यंत मी इथेच आहे, आणि तेवढ्या दिवसांत तुला मला समोर बसवून सगळं सांगायचंय, त्या मोठ्या डायव्हरचं नावसुद्धा. आणि आजच्या आज मला वांग्याचं भरीत पाहिजे, चुलीवर भाजलेलं. कितीतरी वर्षांनी ती काही मागत होती. अंकुरने फोन काढून आईला तसं सांगितलं.

खाली अनिमेष ब्लँकेट गुंडाळून बसला होता. तिथूनच त्याने हाक मारली. अनघाचा फोन आला होता. कोपर मोकळा झालाय, महिनाभर पाण्यात उतरायचं नाही, आणि तिने विचारलंय की पथकात आणखी सहा जण घ्यायचे ठरलेत, त्यांना शिकवायला अंकुरभाऊ यवतमाळला कधीपासून येतील.

 सोमवारपासून, अंकुर म्हणाला. पण पहिला आठवडा कोणी पाण्यात उतरणार नाही, सगळ्यांना वही-पेन घेऊन बसायला सांग.